कुलपातली लांब सुई

माझ्या हाताचं आमच्या तालुक्यात नाव आहे. हे मी सांगत नाही, लोक सांगतात. मी फक्त त्यांना अडवत नाही. बारक्या लेकराची नस सापडेना, मोठ्या सिस्टरला बोलवा. ट्रकचा ड्रायव्हर झिंगून पडलाय आणि हात धरू देईना, मोठ्या सिस्टरला बोलवा. एकदा बेंबळीला, म्हणजे माझ्या माहेरी, चुलतभावाच्या लग्नात मी अक्षता घेऊन उभी होते. तेवढ्यात गावातल्या डॉक्टरांचा माणूस शोधत आला. मी अक्षता शेजारणीच्या हातात दिल्या, दवाखान्यात जाऊन एका म्हातारीची नस धरली आणि मंगलाष्टका संपायच्या आत परत येऊन अक्षता टाकल्या. त्या लग्नात नवरीपेक्षा माझंच कौतुक जास्त झालं. वहिनी अजून ते विसरलेली नाही.

आमचं रुग्णालय हायवेलगत आहे. कुठलं ते सांगत नाही, कारण मला अजून नोकरी करायची आहे. वॉर्डाची मुख्य सिस्टर मी. सव्वीस वर्षं झाली. मी नस डोळ्यांनी बघत नाही, बोटानं बघते. बोट ठेवलं की कळतं कुठली नस कामाची आणि कुठली नुसती दाखवायची. सुई टाकली, सुईच्या मागच्या टोकाला रक्त दिसलं, की हात आपोआप जरासा खाली, सुई जराशी पुढं आणि सुईवरची प्लॅस्टिकची नळी आत. सुई बाहेर, नळी आत. पेशंटला मात्र वाटतं सुई आतच आहे, म्हणून तो दोन दिवस हात लाकडासारखा ताठ धरून बसतो आणि बायकोच्या हातानं जेवतो. काही जण हे कळल्यावरही बायकोच्याच हातानं जेवतात.

तर अशा माझ्या राज्यात एक तरुण डॉक्टर मॅडम बदलून आल्या. हुशार, गोड बोलणाऱ्या, आणि नवीन गोष्टींचं वेड असलेल्या. एका दुपारी त्यांनी एक खोकं आणून टेबलावर ठेवलं. आत नेहमीपेक्षा लांब नळीच्या सुया होत्या, बोटाएवढ्या लांब, आणि प्रत्येक सुईच्या पोटात एक बारीक तार. मॅडमनी समजावून सांगितलं ते असं: सुई नसेत गेली आणि रक्त दिसलं की हात तिथंच थांबवायचा. मग वरचं बटण बोटानं पुढं सरकवायचं. तार नसेच्या आत पुढं जाते आणि वाट धरते. त्या तारेवरून लांब नळी आत सरकवायची आणि शेवटी सुई आणि तार दोन्ही बाहेर काढायच्या. नळी लांब असल्यामुळं खोलवरच्या नसेतसुद्धा टिकते, चार-चार दिवसांनी नव्हे, एकदाच टोचावं लागतं.

"ज्यांच्या नसा मिळत नाहीत त्यांच्यासाठी आहे हे, सिस्टर," मॅडम म्हणाल्या.

ज्याच्या नसा मला मिळत नाहीत असा पेशंट अजून जन्माला यायचा होता, पण मॅडम नवीन होत्या म्हणून मी गप्प बसले.

सरावासाठी मॅडमनी गादीतल्या स्पंजचा एक हात तयार केला होता. त्याच्या आत सलाईनची नळी आणि नळीत कुंकू कालवलेलं पाणी. सगळ्यांच्या आधी अर्थातच मला पुढं केलं. सुई टाकली, लाल पाणी दिसलं. मॅडम म्हणाल्या, "थांबा." मी थांबले असं मला वाटलं. पण हात जरासा खाली गेला आणि सुई जराशी पुढं, कारण सव्वीस वर्षं तो हेच करत आलाय. सुई स्पंजातल्या नळीच्या पलीकडच्या भिंतीतून बाहेर. बटण पुढं सरकेना. मी जोर लावला, तार वाकडी झाली. दुसऱ्या खेपेला जास्तच जोर लावला आणि कुंकवाचं पाणी थेट मॅडमच्या पांढऱ्या कोटावर. संक्रांतीचं हळदीकुंकू तिथंच उरकलं.

मग आमच्या ब्रदरांची पाळी आली. आमचे ब्रदर वयानं माझ्याएवढेच, पण त्यांची निम्मी नोकरी औषधाच्या खिडकीवर गेली, त्यामुळं टोचायचा हात अजून नवशिक्याचा. नस शोधताना पेशंटपेक्षा त्यांनाच जास्त घाम येतो. रक्त दिसलं की ते दचकून जागच्या जागी थिजतात आणि तेवढ्यात नस निसटते. दुसरी त्यांची सवय म्हणजे औषधाच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांचा घडीचा कागद ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात. असा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. त्यांनी कागद वाचला, सुई टाकली, लाल पाणी दिसलं, आणि सवयीप्रमाणं थिजले. मग सावकाश बटण सरकवलं. तार गेली. नळी गेली. पहिल्याच फटक्यात.

"व्वा, ब्रदर!" मॅडम म्हणाल्या. ब्रदरांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू त्यांनी चोरी केलीय आणि ती माझ्याच घरात केलीय.

मी खोकं उचललं, कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. "महागाची वस्तू आहे, इमर्जन्सीला लागेल," असं सगळ्यांदेखत म्हणाले. याला कुणी हरकत घेतली नाही, कारण आमच्याकडं ही रीतच आहे. चांगली वस्तू आली की आधी तिला कुलूप. नवी कात्री कपाटात. वापरायला जुनी, जी कापत नाही, नुसती चावते. मग एक दिवस मुदत संपते, आपण कपाट उघडतो, हळहळतो आणि म्हणतो, बघा, किती जपून ठेवलं होतं. किल्ली माझ्या कमरेला असायची. मॅडमनी दोनतीनदा विचारलं, मी दोनतीनदा "हो, हो" म्हटलं. तीन महिने गेले.

मग सास्तूरची खाला आली. खाला मनियारीण. साठी ओलांडलेली बाई, सगळा जन्म आठवडी बाजारात लोकांच्या लेकीसुनांच्या हातात काचेच्या बांगड्या भरण्यात गेलेला. मुलगा पुढं, सून मागं आणि मध्ये खाला, अशी मोटरसायकलवर बसून आली. टाचेत बांगडीचा तुकडा गेला होता. साखरेच्या आजारानं पायाला कळायचंच बंद झालेलं, त्यामुळं ती आठ दिवस तशीच बाजार करत हिंडली. चप्पल ओली का, असं सुनेनं विचारलं तेव्हा कुठं कळलं.

मॅडमनी टाच बघितली, साफ केली आणि बाहेर येऊन मला सांगितलं, "चौदा दिवस शिरेतून औषध द्यायचं. डोस चुकवायचा नाही. औषध नीट गेलं तर पाय राहील, सिस्टर. नाही गेलं तर नाही राहणार."

आता गंमत बघा. खालाचा डावा हात त्र्याण्णवच्या भूकंपात भिंतीखाली सापडून वाकडा जुळलेला, त्यात नस धरायचं नाव नको. राहिला उजवा. त्यातल्या नसा दिसायच्या, बोटाला लागायच्याही, पण सुई गेली की फुटायच्या. पहिल्या दिवशी मी टाकलेली नळी संध्याकाळपर्यंत टिकली. दुसऱ्या दिवशी हात सुजला, दोनदा बदलली. तिसऱ्या दिवशी पाचदा टोचलं. हात निळा, हिरवा, जांभळा झाला, तिच्याच दुकानातल्या बांगड्यांच्या डब्यासारखा.

खाला रडली नाही की चिडली नाही. उलट दर वेळी मलाच म्हणायची, "माझ्याच हातात काय न्हाय गं, लेकी. तुला लई तरास देते म्या. माफ कर."

आम्हा सिस्टर लोकांची एक बोलायची पद्धत आहे. "मला जमलं नाही" असं आम्ही कधी म्हणत नाही. "तुमची नस सापडत नाही" म्हणतो. जणू पेशंटनंच ती कुठंतरी ठेवून दिलीय आणि आता आठवत नाही. त्यामुळं खालाची माफी मला अगदी योग्य जागी आल्यासारखी वाटायची. हे लिहिताना लाज वाटते, पण मी मोठ्या मनानं म्हणायचे, "असू द्या, खाला."

ती मोकळ्या वेळात माझा हात हातात घेऊन दाबून बघायची. "सव्वादोनची बांगडी लागंल तुला. पर हाड कडक हाय. तुझ्यावाल्या हाताला भरायची म्हंजी लई सबुरी पायजे." मी हसायचे. माझ्या हातावर आजवर कुणी टीका केलेली नव्हती, तेव्हा ते मला कौतुकच वाटलं.

तिसऱ्या दिवशी ब्रदर गोळ्यांचा ट्रे घेऊन माझ्याजवळ आले आणि घसा खाकरला.

"सिस्टर, त्या कपाटात ते…"

"ते इमर्जन्सीसाठी आहे."

"मग ही इमर्जन्सी…"

"ब्रदर, गोळ्या वाटा."

ते गोळ्या वाटायला गेले. आज मला कुणी विचारलं की नोकरीत सगळ्यात वाईट वागलीस ते कधी, तर मी हाच प्रसंग सांगेन. मला ठाऊक होतं की कपाटात काय आहे. मला हेही ठाऊक होतं की ते माझ्या हातून होत नाही आणि ब्रदरांच्या हातून होतं. खालाच्या टाचेपेक्षा मला माझं नाक मोठं वाटत होतं, आणि नाकाला तर काही झालेलंही नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी नळी निघाली. मी तीनदा टोचलं, तिन्ही वेळा फुटली. सकाळचा डोस दुपारपर्यंत राहिला. मॅडम राऊंडला आल्या आणि हात बघितला. मग म्हणाल्या, "मोठ्या दवाखान्यात पाठवू या. मानेच्या नसेत नळी टाकतील. सोलापूरला."

खाला खाटेवर उठून बसली. "न्हाय जायचं."

"खाला, पायाचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"पायाचाच हाय म्हणून तर. माझ्या दिराला असंच मोठ्या दवाखान्यात नेलं व्हतं. दीर परत आला. पाय तिकडंच ऱ्हायला." मग सुनेकडं वळून म्हणाली, "थैली भर गे. घर कू चलते."

सून रडायला लागली. "अम्मी, नको ना." पण खालानं खाटेखाली चप्पल शोधायला सुरुवात केली होती. घरी गेली असती तर औषध बंद, आणि औषध बंद म्हणजे पाय गेला. हे वॉर्डातल्या झाडूवाल्या मावशींनाही कळत होतं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं.

"सिस्टर, ते खोकं?"

मी कमरेची किल्ली काढली. कुलूप गंजलं होतं, उघडायला वेळ लागला.

पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पहिली सुई मीच घेतली. कोपराच्या खाली, खोलवर, बोटाला एक चांगली नस लागली. वरच्या नसांमागं लपून बसलेली, जाड, मऊ. टोचलं. रक्त दिसलं. थांब, मी स्वतःला सांगितलं. आणि सांगता सांगताच हात जरासा खाली गेला, सुई जराशी पुढं. बटण अडलं. या खेपेला मी जोर लावला नाही, एवढंच शिकले होते. सगळं बाहेर काढलं आणि कापूस दाबून धरला.

खाला माझ्या हाताकडं बघत होती. "तुझा हात लई घाई करतो गं," ती म्हणाली. "बांगडी अंगठ्याच्या हाडापशी आली की म्या ढकलत न्हाय. थांबते. ढकलली की फुटती."

मला असा राग आला म्हणता! सव्वीस वर्षांच्या नोकरीला आता बांगड्या भरणारी बाई शिकवणार. तोंडात उत्तर आलं होतं. पण खालानं तेवढ्यात तोच निळा हात पुन्हा माझ्यापुढं पसरला. त्या हातावर आता मोजून एकच जागा शिल्लक होती, कोपराच्या वर. तोंडातलं उत्तर मी गिळलं.

"ब्रदर," मी हाक मारली, "हातमोजे घाला."

ब्रदर दाराशी उभे होते. "मी?"

"नाही, कपाट."

ते आले. स्टुलावर बसले. कपाळावरचा घाम दंडाला पुसला. मला म्हणाले, "सिस्टर, तो कागद कुणी वाचून दाखवला तर बरं होईल." त्या कागदाची अक्षरं मुंगीच्या पायांएवढी आणि माझा चष्मा घरी. शेवटी खालानंच आपल्या थैलीतला चष्मा काढून दिला. एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तो चष्मा लावून, ज्या कागदाची मी तीन महिने टिंगल केली तो मी भर वॉर्डात मराठी करून वाचायला लागले. शेजारच्या खाटांवरच्या बाया उठून बसल्या. एकीनं पदर डोक्यावर घेतला, पोथी चाललीय असं वाटून.

"सुई तिरकी धरा."

"धरली."

"आत घाला. रक्त दिसलं की…"

"दिसलं!"

"थांबा!"

"थांबलोय, सिस्टर. तुम्ही म्हणाला नसता तरी थांबलोच असतो, मला पुढं काही सुचतच नाही."

"आता हात न हलवता बटण पुढं."

ब्रदरांचं बोट मुंगीच्या चालीनं सरकत होतं.

"अडतंय का?" मॅडमनी विचारलं.

"नाही," ब्रदर म्हणाले, आणि स्वतःवरच विश्वास नसल्यासारखं परत म्हणाले, "नाही, जातेय. लोण्यात गेल्यासारखी जातेय."

तारेवरून नळी गेली. सुई आणि तार बाहेर आल्या. मी औषधाची नळी जोडली आणि थेंब पडायला लागले. हात फुगला नाही, नस फुटली नाही. सून नाक पुसत माझ्याच गळ्यात पडली. मी तिला म्हटलं, "तिकडं, ब्रदरांच्या पड." तिनं ऐकलं नाही, हे ब्रदरांचं नशीब, ते तिथंच चक्कर येऊन पडले असते.

"झालं व्हय?" खालानं विचारलं. "म्या तर दुखायची वाट बघत व्हते."

पुढचे आठ दिवस आमचे ब्रदर जमिनीवर चालत नव्हते. उमरग्याच्या एका दवाखान्यातून एका सिस्टरनं फोन करून विचारलं, तुमच्याकडं तारेवाली सुई टाकणारे ब्रदर आहेत म्हणे. तो फोन मी उचलला होता. मी म्हटलं, आहेत, आणि एक मोठी सिस्टरपण आहे. त्या म्हणाल्या, नाही, ब्रदरांनाच द्या. जेवणाच्या सुट्टीत मी त्या स्पंजच्या हातावर गुपचूप सराव करायचे. रक्त दिसलं की तोंडानं मोठ्यानं "थांब" म्हणायचं, अशी माझी युक्ती. हात ऐकत नाही, पण तोंडाला घाबरतो. तोंडाला आमच्याकडं सगळेच घाबरतात. पुढच्या आठवड्यात एका आजोबांना मी ती लांब नळी टाकली. आजोबांनी विचारलं, "थांब कुणाला म्हणता, सिस्टर?" मी म्हटलं, "मलाच."

खालाच्या हातातली नळी शेवटपर्यंत टिकली. चौदाव्या दिवसाचा शेवटचा डोस तिच्यातूनच गेला. टाच भरत आली होती. मॅडमनी ड्रेसिंग सोडून बघितलं, दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, "घरी जा, खाला. चालत जा, पण मऊ चप्पल घालून."

नळी मी काढली. हळूहळू बाहेर आली, बोटाएवढी लांब. खालानं चष्मा लावून निरखून बघितली. ब्रदर बाजूला कापूस धरून उभे होते.

"येवढी माझ्यात व्हती?" ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आणि ही तुमच्याकडं कदी आली गं?"

मला खोटं बोलता आलं असतं. कालपरवा आली म्हटलं असतं तरी कुणी उलटून विचारलं नसतं. ब्रदर तर जन्मात बोलले नसते, ते कापसाकडं बघायला लागले होते.

"तीन महिने झाले, खाला," मी म्हटलं. "कपाटात होती. किल्ली माझ्याकडं होती."

ती आपला निळा-पिवळा हात उलटसुलट करून बघत बसली. मग म्हणाली, "म्हंजी माझ्या हाताचा काय दोष न्हवता. म्या चार दिस तुझी माफी मागत व्हते, लेकी."

सव्वीस वर्षांत मी पेशंटला कधी ते म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं. "चुकलं माझं, खाला. नस चांगली होती. मला जमलं नाही."

खालानं हो म्हटलं नाही, असू दे म्हटलं नाही. थैली सुनेकडं दिली, चप्पल घातली आणि माझ्यापुढं हात केला, "धर." बाहेरच्या पायऱ्या उंच आहेत आमच्या. माझ्या हातावर सगळा भार टाकून ती एकेक पायरी उतरली, दोन्ही पायांनी.